केळीच्या पानाची कातडी

माझ्या धाकट्या बहिणीची हनुवटी छातीला चिकटली होती. स्टोव्ह भडकला तेव्हा ती आठ वर्षांची होती. जखम भरली, पण व्रण आखडत गेला आणि मान खाली ओढली गेली. आभाळ बघायचं तर तिला उताणं निजावं लागे.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी व्रण सोडवला आणि तिच्या मांडीची कातडी गळ्यावर लावली. ती धरलीही. हाल झाले मांडीचे. सोललेल्या जागेत जाळीची पट्टी रुतून बसायची आणि काढताना रक्त यायचं. आखडलेलं उजवं कोपर सोडवायचं अजून बाकी होतं, आणि त्यासाठी पुन्हा मांडी सोलावी लागणार होती.

"माले नको," धाकटी म्हणाली. "हात वाकडाच ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर म्हणाले, "आता मांडीला केळीचं पान लावू."

मी पेटले. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा मोर्च्यांची पत्रकंच जास्त यायची. अक्षरं मी त्यांवरच गिरवली होती. श्रीमंतांना मुंबई आणि गरिबांना झाडपाला? दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून पत्रक लिहिलं, प्रती काढल्या आणि त्या चिकटवायला खळीची बादली घेऊन दवाखान्याच्या भिंतीशी गेले.

वॉर्डातल्या सिस्टर केळीच्या बागांच्या सावद्याच्या. बाहेर येऊन त्यांनी आधी बादलीत डोकावून पाहिलं.

"पिठाचीच ना? घट्ट आहे?"

"हो."

"बरं झालं, माझी संपली. आत ये."

आत टेबलावर त्या कोवळी पानं पुसत, शीर काढत आणि खळ लावून पट्टीच्या कापडावर चिकटवत होत्या. वाळली की ती जंतू मारायला वाफेच्या भांड्यात जात. हात चालूच ठेवून त्यांनी माझं पत्रक वाचलं.

"अक्षर छान आहे तुझं. पण साहेब हे मुंबईतच शिकून आलेत. आणि जिच्यासाठी भांडतेस तिला विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

पत्रकांतली माणसं नेहमी मूठ आवळून उभी असत. या बाईचे पाय सुजले होते, ड्युटी कधीच संपली होती, आणि एका पोरीच्या मांडीसाठी ती पान न् पान पुसत होती. मी बाह्या सरसावल्या आणि खळ लावायला बसले.

मांडीची जुनी जागा अजून ओलीच होती. सिस्टर धाकटीला म्हणाल्या, "एकदाच लावते. काढताना दुखलं, तर कोपराचं नाव काढणार नाही. साहेबांनाही मीच सांगेन."

दोन दिवसांनी पट्टी काढायची वेळ आली. धाकटीनं डोळे मिटून माझं मनगट आवळलं. मीही तिकडे बघितलं नाही.

"काढी टाक ना एकदानं," ती दातओठ खात म्हणाली.

"कधीच काढलं," सिस्टर म्हणाल्या.

ट्रेमध्ये तपकिरी झालेलं पान पडलं होतं. त्यावर रक्ताचा ठिपका नव्हता. धाकटीनं मान उचलून, हो, उचलून, ते बराच वेळ पाहिलं.

"कोपरनी बारीले कितला पानं लागतीन?" तिनं विचारलं.

मी खळ ढवळायला उठले.