उशिरा पोचलेल्या दोन नोंदी

रूबी या संगणकाच्या भाषेत मी एक लायब्ररी लिहिली, म्हणजे इतर प्रोग्रामरना आपल्या कामात जोडून घेता येईल असा तयार कोड. तिचा नियम मीच ठरवलेला आणि त्याचा मला भारी अभिमान: काहीही खोडायचं नाही. वस्तूची आजची स्थिती साठवायची नाही. तिच्या बाबतीत जे जे घडलं ते ओळीने साठवायचं, आणि कुणी विचारलं की पहिल्या नोंदीपासून सगळं वाचून स्थिती उभी करायची.

चाचणीसाठी लोक खोटी गिऱ्हाइकं घेतात, खोट्या ऑर्डरी घेतात. मी आई घेतली. आई-बाबा आमच्याकडे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत, आईची प्रकृती तोळामासा आणि मी दिवसभर गुडगावला. म्हणून दोघांच्या फोनवर मी बटणं करून दिली: गोळी, जेवण, झोप, चक्कर. आईने हट्टाने चहाचंही करून घेतलं. "सारखं बाबांना सांगत बसू नकोस, ते घाबरतात. बटण दाब, मला कळेल," असं मी तिला बजावलं होतं. ती शिस्तीची बाई, कधी चुकली नाही.

काही महिन्यांत नोंदी साठल्या आणि वाचायला वेळ लागू लागला. दोन सेकंदच, पण मला धीर कुठला! मी तोडगा काढला. अधूनमधून तोवरचा गोषवारा साठवायचा आणि पुढे फक्त त्या वेळेनंतरच्या नोंदी वाचायच्या. आधीची नोंद उशिरा पोचली तर काय, हा प्रश्न मला पडला नाही. हाच प्रश्न मी मुलाखतीला आलेल्यांना विचारून घाम फोडते.

त्या दिवशी सकाळी आईने आतल्या खोलीत दोनदा 'चक्कर' दाबलं. तिथे वायफाय पोचत नाही. बाहेर बाबांनी तिची गोळी काढून ठेवली, 'गोळी' दाबलं आणि नेमका तेव्हाच गोषवारा निघाला. पंधरा मिनिटांनी आई बाहेर आली. तिच्या नोंदी पोचल्या, व्यवस्थित साठल्या, आणि गोषवाऱ्याच्या आधीच्या वेळेच्या म्हणून कुणी वाचल्याच नाहीत. साडेबाराला मी ऑफिसात स्क्रीन पाहिला. आई: ठीक. मी जेवायला गेले. तीनच्या सुमारास आई स्वयंपाकघरात पडली, ती उठलीच नाही.

महिन्याभराने मी गोषवारे काढून टाकले, सगळं पहिल्यापासून वाचायला लावलं आणि त्या दोन ओळी वर आल्या. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. तेव्हापासून चाचणी चालवायची मला भीती वाटते. दर वेळी आई पहिल्या चहापासून सुरू होते, गोळी घेते, जेवते, झोपते, आणि मी ओळी मोजत बसते. एकदा मी त्या सकाळच्या आधीच चाचणी थांबवली आणि तिला तशीच जिवंत सोडून भाजी आणायला गेले. परत आल्यावर लॅपटॉप उघडवेना.

बाबा वर्षभर आईवर रागावलेले होते. "मी बाहेरच्या खोलीत होतो, एक हाक मारायला तिचं काय जात होतं," म्हणत. मी ऐकून घ्यायची. नोंदी फक्त मला दिसत होत्या, त्यामुळे गप्प बसणं सोपं होतं. काहीही खोडायचं नाही म्हणणारी मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण ते वर्षश्राद्धालाही बसायला तयार होईनात, तेव्हा मला राहवेना. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, माझ्या बजावण्यासकट.

ते ओरडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या आणि वेळा पुन्हा विचारल्या.

"त्या दुपारी तिला जेवायला चल म्हटलं तर म्हणाली, थांबू या, ती येईलच इतक्यात," बाबा म्हणाले. "मी तिला हसलो. म्हटलं, ऑफिसच्या दिवशी ती कशाला येईल?"