मालकांच्या हनुवटीखाली खोका

चहा घेताय ना? मग एक घोट घ्या आणि कप खाली ठेवा, नाहीतर मध्येच ठसका लागेल आणि खापर माझ्या माथी फोडाल. माणूस बघितला की तो कोण, कुठला, कशाला आलाय हे मला लगेच कळतं, असं मी लग्नाआधीपासून सगळ्यांना ऐकवत आलेय. डहाणूत एका शनिवारी त्या बढाईचे जे तीनतेरा वाजले, ते आता कसं आणि कोणत्या तोंडाने सांगू?

मी व्हायोलिन शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. सुझुकी पद्धतीने शिकवते, हेही मी शंभरदा सांगितलंय. पण ती काय भानगड आहे, हे तुमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही! असो, थोडक्यात सांगते. मूल मातृभाषा कशी शिकतं? आधी नुसतं ऐकतं, बघतं, मग बोलतं. संगीतही तसंच शिकवायचं. म्हणून सुरुवातीला मुलाच्या हाती व्हायोलिन द्यायचंच नाही. बिस्किटांच्या खोक्याला फूटपट्टी चिकटवायची आणि तो खोका हनुवटीखाली धरून उभं राहायचं. आणि मुलाच्याही आधी कोणी उभं राहायचं? घरातल्या मोठ्या माणसाने! मोठ्याने शिकायचं, मुलाने बघायचं. बघता बघता एक दिवस मूलच हट्ट धरतं, मलापण द्या.

माझा क्लास स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या खोलीत. ही खोली मिळवताना माझ्या चपला झिजल्या. लहान मुलं आणि वाद्यं म्हटल्यावर कोण जागा देतो हो? ही मिळाली, कारण मालक तिकडे सायवनला शेतीवर राहतात आणि सगळी बोलणी माझ्या नवऱ्याने फोनवर उरकली. मी मालकांना पाहिलेलं नव्हतं. आणि त्या शनिवारच्या आधी त्यांचा निरोप आला. शेजारच्या रमीलाबेनना क्लासचा त्रास होतो म्हणे. शनिवारी पाच वाजता येतो, क्लास बघतो, मग जागा ठेवायची की नाही ते सांगतो.

नोकरी सोडून मी हा क्लास काढला होता. खोली गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती, म्हणजे क्लासच गेला असता.

त्याच शनिवारी चार वाजता एक नवीन मुलगी येणार होती. तिच्या आईचा फोन आला होता, मला जमणार नाही, घरातलं कोणीतरी तिला घेऊन येईल. मी मनात हिशोब मांडला. चार वाजता मुलगी आणि घरचं माणूस, पाच वाजता एकटे मालक. यात चुकण्यासारखं काय आहे?

बरोबर चारला दार वाजलं. दारात पांढरी टोपी घातलेले एक आजोबा आणि त्यांचं बोट धरून एक चिमुरडी. मी कमरेत वाकून नमस्कार केला, कारण आमच्यात धडा असाच सुरू होतो. आजोबाही वाकले. ते पुरेसे वाकले नाहीत म्हणून मी पुन्हा वाकून दाखवलं. ते पुन्हा वाकले. मग "राहू दे ताई, राहू दे," असं काहीसं पुटपुटले.

आता तुम्ही म्हणाल, मुलीला नाव तरी विचारायचंस! पण पहिल्या दिवशी मुलाला काही विचारायचं नाही, बुजतं, त्याला नुसतं बघू द्यायचं, असं मला शिकवलंय. मी मुलीला कोपऱ्यात चटईवर बसवलं आणि आजोबांना चपला काढायला लावल्या. पुठ्ठ्यावर उभं करून त्यांच्या पावलांभोवती स्केचपेनने रेघ मारली, म्हणजे रोज त्याच जागी उभं राहता येतं. मग खोका दिला. खांदा खाली, मान सरळ, गुडघे सैल! आजोबा बिचारे सगळं करत होते. चिमुरडी तोंडावर हात धरून खिदळत होती.

"रोज किती वेळ द्याल?" मी विचारलं.

"रोज कसा देणार? मी महिन्यातून एखादा दिवस येतो," आजोबा म्हणाले.

झालं, माझं डोकं फिरलं. मी त्यांना जे फैलावर घेतलं! म्हटलं, नात तुमची आहे ना? मग महिन्यातून एक दिवस उगवून कसं चालेल? जबाबदारी नको असते तुम्हा लोकांना, सगळं बाईनेच करायचं! आता हनुवटी खोक्यावर ठेवा आणि मी सांगेपर्यंत हलू नका. आजोबा खरंच हलले नाहीत.

पाचला दार पुन्हा वाजलं. कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ, एकटेच. आले मालक! मी धावत जाऊन त्यांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं, थर्मासमधला चहा ओतला. ते खोका धरलेल्या आजोबांकडे टकामका बघत होते.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काही म्हणजे काहीच नाही!" मी घाईघाईने म्हणाले. "इथे कोणी वाजवतच नाही. मुलांच्या हातात महिनोन् महिने नुसता खोका असतो."

"नुसता खोका?"

"नुसता खोका. आणि तुम्हाला म्हणून सांगते, अर्धी मुलं त्यातच कंटाळून सोडून जातात."

"मग तुम्ही शिकवता काय?"

"काहीच नाही. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

गृहस्थांनी कप हळूच जमिनीवर ठेवला आणि उभे राहिले. म्हणाले, "बरं झालं बाई, आमची मुलगी दुपारची झोपली ती उठलीच नाही. तासभर वाट बघितली. म्हटलं, आपण एकट्यानेच जाऊन आधी क्लास बघून यावं."

चटईवरची चिमुरडीसुद्धा खिदळायची थांबली.

मी सावकाश मान वळवली. पुठ्ठ्यावर आखलेल्या पावलांत, हनुवटीखाली बिस्किटांचा खोका धरून, आमचे घरमालक उभे होते.

"आता खाली ठेवू का?" त्यांनी विचारलं.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी माफी मागायला लागले ती थांबेचना. नंतरची बस उशिराची म्हणून ते लवकर निघाले होते, आणि नातीला समुद्र दाखवायचा म्हणून तिला बरोबर आणलं होतं. मी म्हटलं, अहो, मग सांगितलं का नाही तुम्ही? तर म्हणाले, मी क्लास बघायलाच आलो होतो, वाटलं ताई मला क्लास दाखवतायत. त्या गृहस्थांचं म्हणाल तर त्यांची मुलगी माझ्याकडे येते आता, पण तिच्यासोबत कायम आईच येते. ते मला स्टेशनवर दिसले की फलाट बदलतात.

शेवटी मी धीर करून खोलीचं विचारलं. मालक चपला घालत म्हणाले, "खोली ठेवा. पोरं वाजवतात त्याचा काही त्रास नाही."

"पण रमीलाबेनची तक्रार?"

ते जरा संकोचले. नातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, मलापण इथे येऊन बघेपर्यंत खरं वाटत नव्हतं. ती बाई म्हणते, वाजवणं गोड आहे, मी पाळणा हलवता हलवता ऐकते. फक्त शिकवणाऱ्या बाईंना हळू बोलायला सांगा, नातू दचकून उठतो."

म्हणजे खोली राहिली! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी जागच्या जागी उडी मारून म्हणाले, "नक्की! आजपासून अगदी हळू बोलेन!"

आणि भिंतीपलीकडे बाळ रडायला लागलं.