ओहोटीच्या वाळूवर शिकलेली गाडी

पुण्यात गाडी म्हणजे दुचाकी. चार चाकं असली तर तिला कार म्हणतात. माझ्या बायकोला गाडी येत नव्हती आणि त्या उन्हाळ्यापर्यंत त्यावाचून काही अडलंही नव्हतं. मग तिला खराडीच्या एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी मिळाली. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या. आम्ही राहायला कात्रजला. बस बदलत गेलं तर एका बाजूला दोन तास, गाडीने पाऊण. मुलगी तिसरीत होती, तिचं पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं आणि मी भोसरीहून घरी यायचो आठला. हिशेब मी तीन तऱ्हांनी मांडून पाहिला. बसने तो कुठल्याच तऱ्हेने जुळत नव्हता. एक जूनला रुजू व्हायचं होतं.

शिकवायचा प्रयत्न मी केला होता. आमच्याच गल्लीत, शेजाऱ्यांच्या गाडीवर. दुसऱ्याच दिवशी ती भाजीच्या हातगाडीवर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही, टोमॅटो तेवढे सांडले. वरच्या बाल्कनीतून एक आजोबा म्हणाले, "अहो बाई, भाजी उतरूनही घेता येते."

त्यानंतर घरात गाडीचा विषय बंद झाला. "समोर माणूस दिसला की माझे हात दगडासारखे होतात," ती म्हणाली. "सुट्टीहून आले की कंपनीला फोन करून नाही म्हणून कळवते."

सुट्टी म्हणजे म्हसळ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे एक आठवडा. तिचे यजमान, आमचे भाऊजी, तिथे बँकेत होते. एक दिवस श्रीवर्धनला जाऊन यायचं ठरलं. समुद्र बघायचा, जेवायचं, संध्याकाळच्या एसटीने परत. ताई आणि आम्ही तिघं एसटीने गेलो. भाऊजी आपल्या मोपेडवर आले, कारण परतताना त्यांना ओळखीच्या वाडीतून आंबे आणायचे होते.

जेवण झाल्यावर चारच्या सुमाराला आम्ही किनाऱ्यावर आलो, तेव्हा पूर्ण ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की मुलगी म्हणाली, "समुद्र बंद आहे का आज?" मधली सगळी वाळू ओली, काळसर आणि सपाट. तिच्यावरून एक बैलगाडी गेली, तर चाकं जेमतेम बोटभर रुतली. बायको त्या चाकांकडे बघत राहिली.

"भाऊजी, तुमची मोपेड चालेल का हो इथे?"

"चालेल की, वहिनी. इथे धडकायला एक समुद्रच आहे, आणि तोही मागे सरकलाय."

"गंजेल ती खाऱ्या पाण्याने," ताई म्हणाली. "मग महिनाभर मी ऐकायचं."

भाऊजींनी चावी दिली. मी मागून धावू लागलो. मूठ हळू पीळ, वीसच्या पुढे नको, मागचा ब्रेक आधी, असं सगळं सांगत. शंभरेक फूट गेल्यावर तिने पाय टेकले आणि मागे न बघता म्हणाली, "अहो, तुम्ही जरा जाऊन नारळपाणी प्या."

"बाबा, तुम्ही आकडे बोलता ना, त्याने आई घाबरते," मुलीने खुलासा केला.

मी सुरूच्या झाडांखाली जाऊन बसलो. नारळपाणी प्यायलो. नंतर राहवेना, म्हणून ती लांब गेलेली पाहून खाली उतरलो आणि वाळूवरचे माग बघू लागलो. सुरुवातीची रेघ नागमोडी होती. तिच्या दोन्ही बाजूंना पाय टेकल्याच्या खुणा, आधी दर पाच-सहा पावलांवर, मग वीस-पंचवीस पावलांवर, मग नाहीतच. रेघ सरळ होत दक्षिणेला गेली होती आणि तिच्या टोकाला एक ठिपका होता.

तो ठिपका वळेपर्यंत भरती सुरू झाली. घट्ट वाळूची पट्टी अरुंद होत चालली. वरच्या कोरड्या वाळूत मोपेड रुतली असती, म्हणजे तिला त्या पट्टीवरूनच यायला हवं होतं. आणि नेमक्या त्याच पट्टीवर कॉलेजची दहा-बारा मुलं क्रिकेट खेळत होती. मी हात हलवून मुलांना हाका मारल्या. वाऱ्यात कुणाला काही ऐकू गेलं नसणार.

तिने हॉर्न वाजवला. बारीक, चिरका. एक फिल्डर हलला, दुसरा हलला, बॉलर चेंडू हातात धरून थांबला. ती मधून निघाली तसा मागून कुणीतरी ओरडला, "काकू, फोर!"

आमच्यापाशी येऊन तिने गाडी थांबवली. साडी पोटरीपर्यंत भिजली होती.

"माणसं बाजूला होतात," ती म्हणाली.

भाऊजींनी वाडीतल्या विहिरीच्या पाण्याने मोपेड धुतली, पण मडगार्ड गंजायचं ते गंजलंच. पुढे कित्येक वर्षं ते पाहुण्यांना ते दाखवून सांगायचे, "वहिनींची नोकरी इथून लागली." आता बहुतेक किनाऱ्यांवर गाड्या उतरवू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. तेव्हा आम्हाला कुणी हटकलं नाही.

नाही म्हणायचा तो फोन केलाच नाही. आल्यावर गाडी घेतली आणि उरलेले दिवस तिने पहाटे रिकाम्या रस्त्यांवर सराव केला, माझ्याशिवाय. एक जूनला मी कोपऱ्यापर्यंत सोबत चालत गेलो. "तुम्ही इथेच थांबा," ती म्हणाली आणि सातारा रस्त्याच्या रहदारीत मिसळली. सवयीने मी खाली रस्त्याकडे पाहिलं. डांबरावर माग उठत नाहीत.

त्या दिवशी मी रजा घेतली होती. हे तिला सांगितलं नव्हतं. सव्वासहाला खाली हॉर्न वाजला आणि मुलगी मागच्या सीटवरून उतरली.