वेधातला करंट

पनवेलमध्ये काही वर्षं मला लोक ‘सोलारवाल्या मॅडम’ म्हणायचे. मी सातवी पास. आमच्या गावातली शाळा सातवीला संपायची आणि पुढची शाळा नदीपलीकडे होती. मुलीला रोज नदी ओलांडून पाठवायला घरात कुणी तयार नव्हतं. म्हणून मी मराठवाड्यातून उठून थेट रोडपालीला, आक्काच्या खोलीत येऊन पडले. खोली एक, माणसं पाच. दाजी भले होते, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं, “दिवाळीपर्यंत कुठं पक्की लागलीस तर राहा. नाहीतर भाऊबीज झाली की गाडीत बसवून देतो.” यात राग नव्हता. हातपाय पसरायला जागाच नव्हती, एवढंच.

मला कामाला ठेवलं ते जुन्या पनवेलमधल्या एका टीव्हीच्या दुकानदारानं. शेठ मूळचे उरणकडचे कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात काढून आलेले. दुकानात टीव्ही, स्टॅबिलायझर, टेपरेकॉर्डर, आणि कोपऱ्यात एक नवीन चीज: सौर कंदील. खाली बॅटरीचा डबा, वर बारीक नळी, आणि उन्हात ठेवायला काचेची एक पाटी. त्या वेळी नवीन पनवेलमध्ये संध्याकाळची वीज जायची ती पाहुण्यासारखी, कधी परत येणार ते न सांगता. शेठना वाटलं, हा कंदील चालणार. घराघरांत जाऊन दाखवायला बाई पाहिजे, कारण दुपारी दार उघडतात त्या बायकाच. मी नेमकी तेव्हा दुकानात नोकरी विचारायला उभी होते.

“शिकलीस किती, बेटा?”

“सातवी.”

“मीपण सातवीच. बस झालं. विजेला कुठं माहीत असतं?”

या माणसाचे उपकार मी अजून विसरलेले नाही. पण तेव्हा उपकाराबरोबर भीतीपण यायची. कुणी चांगलं वागलं की मला वाटायचं, आता आपल्या हातून काहीतरी फुटणार.

आणि फुटलंच. म्हणजे फुटलं नाही, भरलं.

नवीन पनवेलमधल्या एका अठरा बिऱ्हाडांच्या सोसायटीनं एकदम अठरा कंदील घ्यायचं ठरवलं. सोसायटीचे सेक्रेटरी मुंबईला मोठ्या ऑफिसात होते आणि घरीसुद्धा फाइल काखेत धरून फिरायचे. त्यांची अट होती, कंदील आधी वापरून बघू, पसंत पडले तर पाडव्याच्या मीटिंगमध्ये ठराव करू. शेठ मला म्हणाले, “ठेवले तर तू पक्की. दर महिन्याला तूच जायचं, बॅटरीचं पाणी बघायचं. परत आले तर... मी तरी काय करू? मग हा धंदाच बंद.”

म्हणजे माझं पनवेल त्या अठरा डब्यांत होतं.

शेठनी पढवलं होतं, पहिलं भरणं सलग तीन दिवस. पाट्या गच्चीवर उघड्या, वायर काढायची नाही, वर कापड टाकायचं नाही. पहिलं भरणं नीट झालं नाही तर बॅटरी जन्मभर अशक्त राहते. मी अठरा पाट्या गच्चीवर ओळीनं मांडल्या, अठरा डबे जोडले, देवाचं नाव घेतलं आणि घरी आले.

तिसरा दिवस उजाडला तो लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचा. सकाळी सूर्यग्रहण. आम्ही आक्काकडे दारं-खिडक्या लावून बसलो होतो. दाजी देवाचं म्हणत होते. आणि एकदम मी उठून उभी राहिले.

“आक्का! माझ्या पाट्या उघड्यावर आहेत!”

आक्का म्हणाली, “बया! मग आता गं?”

दाजी डोळे न उघडता म्हणाले, “पाट्या काय गरोदर आहेत का? बस गप.”

ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून, ओल्या केसांनी मी बस पकडली. सोसायटीच्या गच्चीवर जाऊन बघते तर अठराच्या अठरा डब्यांवर भरल्याचा हिरवा दिवा. मला इतका आनंद झाला की मी जिन्यातूनच ओरडले, “वहिनी, भरले सगळे!”

सेक्रेटरींच्या मिसेस, म्हणजे वहिनी, स्वयंपाकघरातलं पाणी ओतून टाकत होत्या. हातातला हंडा तसाच धरून म्हणाल्या, “कधी भरले?”

“आत्ता सकाळी.”

“ग्रहणात?”

त्यांनी हंडा जरा लांब धरला.

पाडव्याच्या सकाळी खालच्या पार्किंगमध्ये मीटिंग भरली. विषय पत्रिकेवर सेक्रेटरींच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला होता: ‘वेधकाळात संचित झालेल्या विजेचा विनियोग.’ अठरा डबे समोर ओळीनं ठेवलेले. त्यांच्यावर जुनी चादर घातली होती, सुतक असल्यासारखी. मला एक खुर्ची दिली होती, तज्ज्ञ म्हणून.

सेक्रेटरी उभे राहिले. “मुद्दा सरळ आहे. ग्रहणातलं शिजवलेलं आपण खात नाही. भरलेलं पाणी ओततो. मग ग्रहणाच्या सूर्यानं भरलेला करंट चालतो का?”

दुसऱ्या मजल्यावर एक बँकेतले काका राहत. ते म्हणाले, “अहो, करंट आपण खातो कुठं?”

“खात नाही, पण उजेडात जेवतो.”

“उजेड हा काय पदार्थ आहे?”

“पदार्थ नाही कसा? भरता येतो, संपतो. आणखी काय पाहिजे पदार्थाला?”

यावर बँकवाल्या काकांनी मान डोलावली. मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू. तज्ज्ञाच्या खुर्चीत बसून मला मनातून वाटत होतं की करंट बाटलेलाच आहे आणि तो मी बाटवला आहे.

काकांनीच मग तोड काढली. “सोपं आहे. आत्ता सगळे कंदील पेटवून ठेवा. जुना करंट जळून गेला की उद्या ताजा भरा.”

लोकांच्या माना हलल्या. मी घाबरले, कारण शेठनी सांगितलं होतं की बॅटरी पार तळापर्यंत उतरवली तर ती पुन्हा नीट उठत नाही. मी उभी राहून तसं सांगितलं. पण माझी गरजच पडली नाही. वहिनींना वेगळीच अडचण दिसत होती.

“पेटवायचे म्हणता, पण कुठं? तो उजेड कुणाच्या तरी दारात पडणारच ना? आमच्या दारात नको हो. सणासुदीचे दिवस.”

“गच्चीवर पेटवा.”

“गच्चीवर माझे पापड असतात,” तिसऱ्या मजल्यावरून खाली वाकून कुणीतरी म्हणालं.

सेक्रेटरींनी शेवटचा हातोडा मारला. “आणि समजा जाळला. डबा रिकामा झाला. पण शिळं काढलं म्हणून भांडं स्वच्छ होतं का? ते घासावं लागतं. मॅडम, हा डबा आतून घासता येतो का?”

“नाही,” मी म्हणाले. “घासला तर शेठ मला घासतील.”

सगळे हसले. हसू थांबल्यावर सेक्रेटरींनी वही उघडली आणि लिहायला लागले: ‘सबब, सर्व अठरा नग विक्रेत्यास परत...’ ते लिहिता लिहिता बोलायचे, त्यामुळे माझी नोकरी कशी जाते ते मला शब्दाशब्दानं ऐकू येत होतं. डोळ्यांपुढे गाडी आली, खिडकी आली, आणि जेवणाचा डबा घेऊन स्टेशनवर उभी असलेली आक्का आली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

“लोणचं टाकता का तुम्ही?”

सेक्रेटरींचं पेन थांबलं.

“ग्रहणात लोणचं टाकता का? आमच्याकडे आई सगळं टाकते. भात टाकते, भाजी टाकते. पण लोणच्याची बरणी तशीच राहते. आंबट मुरलेल्याला वेध लागत नाहीत, म्हणते ती.”

वहिनी म्हणाल्या, “बरोबर आहे. लोणचं कोण टाकतं? वर्षाचं असतं.”

“मग बॅटरीत काय असतं? ॲसिड. ॲसिड म्हणजे आंबटच की. झाकण लावून आत मुरत ठेवलेलं.”

पार्किंगमध्ये अशी शांतता पसरली की पापडवाल्या बाई खाली उतरून आल्या. बँकवाले काका हळूच म्हणाले, “आम्ल. शास्त्रीय दृष्ट्या आम्लच.” सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लिहिलेलं खोडून त्यांनी नवीन ठराव लिहिला. तो मला अजून पाठ आहे: ‘सौर कंदिलातील बॅटरी ही आम्लयुक्त व बंदिस्त असल्याने ती लोणच्याप्रमाणे समजावी, व सर्व नग ठेवून घ्यावेत.’ सर्वानुमते मंजूर.

मी धावत दुकानात गेले. शेठना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“लोणचं?”

“हो.”

“आमच्यात ग्रहण लागलं तर नमाज पढतात. करंटचं कोण विचारत नाही.” मग म्हणाले, “चल, पक्की तू.”

भाऊबीजेला दाजींनी मला गाडीत बसवलं नाही. उलट झोपायला खिडकीखालची जागा दिली. सगळं इथंच संपायला हवं होतं. पण मी ज्या गोष्टीचं लोणचं करून आले होते, तिला लोणच्याचे बाकीचे नियमही लागू होणार हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. बॅटरीचं पाणी बघायचा ठरलेला दिवस. प्रत्येक घरी पाणी घालायचं आणि शेठनी दिलेल्या कागदावर त्या घराची सही घ्यायची. मी सेक्रेटरींच्या दाराची बेल वाजवली. वहिनींनी दार अर्धंच उघडलं आणि हळू आवाजात विचारलं,

“आज... चालतं ना तुम्हाला?”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. लोणच्याच्या बरणीला त्या चार दिवसांत हात लावायचा नसतो. आमच्याकडेही नसतो. आणि माझा तो दुसरा दिवस होता.

खरं सांगावं तर अठरा सह्या गेल्या. कागद कोरा नेला तर शेठ विचारणार, आणि शेठना मी काय सांगणार होते? पक्की होऊन पुरता महिनासुद्धा झाला नव्हता.

“हो, चालतं,” मी म्हणाले.

अठरा दारांत अठरा वेळा तेच विचारलं आणि अठरा वेळा मी तेच सांगितलं. घाईघाईनं झाकण उघडताना ॲसिडचे दोन-तीन थेंब ओढणीवर उडाले. घरी येऊन ओढणी धुतली तर तिला तीन भोकं. आक्का म्हणाली, “अगं, ॲसिडनं पडली असतील.” मी मान हलवली, पण मला वेगळंच वाटत होतं. पुढचा सगळा महिना मी त्या कंदिलांना बुरशी येण्याची वाट बघितली. दुकानात फोन वाजला की वाटायचं, आला. एकदा खरंच सोसायटीतून फोन आला आणि मी स्टॅबिलायझरच्या खोक्यांमागे जाऊन उभी राहिले. त्यांना टीव्हीची अँटेना फिरवून हवी होती.

दुसरा महिना आला. वहिनींनी दार पूर्ण उघडलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मागच्या वेळी काय केलंत तुम्ही कंदिलाला?”

मी हातातला कागद पाठीमागे नेला. “का हो?”

“उजेड वाढलाय. वरच्या बिऱ्हाडातसुद्धा म्हणत होते. हाताला गुण आहे तुमच्या. शेठना सांगा, तुम्हालाच पाठवत जा, दुसरं कुणी नको.”

उजेड पाणी घातल्यामुळे वाढला होता. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, मोठ्यानं, “चालतं ना आज?” या वेळी खरोखरच चालत होतं. पण खरं बोलायची सवय मोडलेली, त्यामुळे “हो” म्हणताना माझी जीभ अडखळली आणि चेहरा चोरासारखा झाला. वहिनींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी मनातल्या मनात गावाकडच्या गाडीची वेळ आठवायला लागले.

वहिनी पुढे वाकल्या आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, “अहो, मी काय चार दिवस अंधारात बसते? गेल्या आठवड्यात मीच लावत होते. विचारायचं ते यांच्यासाठी. ते आत पेपर वाचताहेत, त्यांना ऐकू गेलं की झालं.”

मग मान वळवून आत ओरडल्या, “अहो, चालतं म्हणताहेत त्या!”

“मग ठीक आहे,” आतून सेक्रेटरींचा आवाज आला.

वहिनींनी माझ्या हातातला कागद घेतला, भिंतीला टेकवला आणि पाणी घालायच्या आधीच सही करून दिली.