हिंगणघाटहून कोणी आलं नाही

घासलेटच्या रिकाम्या पिप्यावर काठी पडली की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. राग पिप्याचा नाही, माझा मलाच येतो. पण हे कबूल करायला मला फार वर्षं लागली, म्हणून सुरुवात पिप्यापासूनच करते.

छप्पनच्या दसऱ्यानंतरचा तो उन्हाळा. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. गाव हिंगणघाटपासून अडीच कोसांवर, वणा नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पंचायतीत पंच होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आमचे हे वर्ध्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले होते, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

गावचे कोतवाल पन्नाशीचे होते. गावातलं शेंबडं पोरही त्यांना अरे-तुरे करायचं. मी इथे करणार नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे. दवंडी देणं त्यांचं काम, आणि आधी ते डफडं वाजवून द्यायचे. दसऱ्याला त्यांच्या वस्तीतली सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली, आणि आल्याबरोबर कोतवालांनी डफडं खुंटीवरून काढून नाल्यात सोडून दिलं. कोतवाली सरकारची आहे ती करीन, म्हणाले, पण डफडं हातात धरणार नाही. तेव्हापासून पिपा. गावाला त्या पिप्याचा भारी राग. हुकूम तोच, माणूस तोच, नुसता आवाज बदलला, तर जणू त्यांनी कोणाचं शेत बळकावलं होतं.

चैत्राच्या मध्यावर ती दवंडी आली. आमच्या दारासमोरच कोतवालांनी पिप्यावर काठी मारली.

"ऐका हो ऐका! हिंगनघाटले कॉलरा हाये! तिकडचा पाव्हना कोनी घरी आनू नका! झिऱ्याचं पानी पिऊ नका, लाल दवा टाकलेल्या मोठ्या विहिरीचंच प्या! बजार बंद हाये, गर्दी करू नका! कोनाले हगवन-वकारी झाली तं चावडीवर सांगा हो!"

आता यातली गंमत पाहा. मोठी विहीर आमच्या आळीत. वस्तीतल्या बायांनी तिच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही, हा नियम कुठल्या सरकारने काढलेला नव्हता, पण तो मोडायची कोणाची बिशाद नव्हती. वस्तीची स्वतःची विहीर फाल्गुनातच आटलेली. म्हणजे सरकारचं ऐकावं तर गाव मारणार, आणि गावाचं ऐकावं तर सरकार धरणार. बाया बिचाऱ्या झिऱ्यावर जात राहिल्या. नाल्याच्या रेतीत खड्डा करायचा, पाणी झिरपेल तसं वाटीवाटीने उपसून घागर भरायची. दवंडी देणाऱ्या कोतवालांच्या घरातही तेच पाणी. गाव हे रोज पाहत होतं आणि कोणालाही त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. मलाही नाही.

अक्षय तृतीया, आमची अखजी, चार दिवसांवर आली असताना हिंगणघाटहून निरोप आला. माझी धाकटी नणंद तिथेच दिलेली, गिरणीजवळच्या चाळीत राहायची. तिच्या शेजारची बाई सकाळी धडधाकट होती आणि संध्याकाळी गेली.

आत्याबाईंनी चुलीपुढेच फतकल मारली. "माह्या लेकीले तिथं मरू देऊ काय? आत्ता जा अन् तिले घेऊन या."

या बोलण्याला मी आजही नाव ठेवत नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. माझी चीड आहे ती पुढे जे झालं त्याची.

मामाजींनी गोठ्यातून बैल काढून पडद्याची दमणी जुंपली आणि नणंदेच्या सोबतीला मला बसवलं. आम्ही तिला घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटेच परतलो, कोणी उठायच्या आत. पण नाल्याच्या उतारावर कोतवाल काठी घेऊन बसलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायला त्यांना तिथे नेमलेलंच होतं.

"मालक, कुठून येऊन राह्यले?"

"वावरातून," मामाजी म्हणाले.

कोतवालांनी पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात नणंदेने स्वतःच पडदा सारला. लहानपणापासून ती त्यांना ओळखत होती. "काका, मी हाये. जाऊ द्या न."

"मालक, दवंडी मीच देल्ली हाये. आता मीच कसं सोडू?"

"लेक आपल्या घरी येऊन राह्यली. ते काय पाव्हनी हाये? बाजूले हो."

कोतवालांनी काठी खाली घेतली. मग बाजूला झाले. मामाजींना नाही, मला म्हणाले, "बाई, आठ दिवस तिले घराबाहेर काढू नका. अन् काई झालं तं पहिले मले सांगजा. लपवजा नोको." मी मान हलवली. चांगली जोरात हलवली.

तिसऱ्या दिवशी नणंदेला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. आत्याबाईंनी आळीत सांगून टाकलं की पोरीची तब्येत बरी नाही, ऊन लागलं. पोरगी आली कधी, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, साथीच्या आधीच आली, तुमचं ध्यान कुठं असते? रात्रंदिवस त्यांनी लेकीच्या तोंडात मीठ घातलेली पेज चमच्याने सोडली. तिचा जीव त्या पेजेने वाचला असं मला वाटतं. आणि तिची लुगडी, गोधड्या धुवायचं काम माझ्याकडे.

नाल्यावर नेलं असतं तर दहा बाया भेटल्या असत्या आणि पहिला प्रश्न तोच, एवढं धुणं कोणाचं? म्हणून मी भर दुपारी, आळी झोपलेली असताना, मोठ्या विहिरीवर जायची. ओट्याला लागून गुरांच्या पाण्याची टाकी होती, तिच्याजवळ धुवायची. ओटा एका बाजूने फुटलेला होता. सांडलेलं पाणी त्या भेगेतून परत आत जात होतं. मला ते दिसत होतं. लाल दवेचा रंग तोवर केव्हाच उतरला होता, तेही मला माहीत होतं, कारण पाणी मीच भरायची. सातवी पास होते मी. पण त्या वेळी डोक्यात एकच, कोणी पाहू नये. तीन दुपारी मी तिथे धुणं धुतलं.

मग आळीत एकेक घर आजारी पडू लागलं. पाच घरं धरली. दोन माणसं गेली. एक म्हातारा, आणि एक माझ्याच वयाची बाई, जी रोज सकाळी माझ्या शेजारी उभी राहून विहिरीत दोर सोडायची. तिच्या दोराची गाठ नेहमी सुटायची आणि मी बांधून द्यायची.

आता गावाला माणूस हवा होता. साथ कशी आली हे विचारायचं कोणाच्या मनात नव्हतं, कोणी आणली तेवढं हवं होतं. गर्दी करू नका अशी दवंडी असताना मारुतीच्या पारावर पन्नास माणसं मांडीला मांडी लावून बसली आणि नियम कोणी मोडला यावर तासभर बोलली. एकालाही याचं हसू आलं नाही. पार आमच्या घरासमोरच असल्यामुळे मला दारातून सगळं ऐकू येत होतं.

पहिला ठपका आला मरीआईच्या गाड्याचा. आमच्याकडे रीत अशी की साथ आली की मरीआईचा लाकडी गाडा काढायचा, वस्तीतल्या माणसांनी तो ओढत गावाबाहेर न्यायचा आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचा. आपली साथ दुसऱ्याच्या दारात. पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलणार. पिढ्यानपिढ्या आम्ही शेजाऱ्याला कॉलरा वाटत आलो आणि त्याला देवीचं काम म्हणत आलो. त्या साली वस्तीने सांगितलं, आम्ही ओढणार नाही. बाकी कोणी हात लावेना, कारण ओढेल त्याच्या घरी देवी जाते अशी समजूत. गाडा तिथेच पडून राहिला.

दुसरा ठपका झिऱ्याचा. वस्ती बंदीचं पाणी पिते. त्यावर कोणीतरी शहाण्यासारखं बोललं, की आजारी सगळी मोठ्या विहिरीची घरं आहेत, वस्तीत तर एकही नाही. मला वाटलं, आता यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. मी दार ओढून घेतलं आणि फटीशी कान लावला.

तर दुसरा उठून म्हणतो, "तेच म्हंतो मी! त्याइच्यात एकही आजारी नाई. काऊन नाई? करनारे तेच हाईत म्हून!"

आणि पन्नास माना हलल्या. गाडा ओढला नाही म्हणून साथ आली, झिऱ्याचं पाणी प्यायले म्हणून आली, आणि आजारी पडले नाहीत म्हणूनही तेच गुन्हेगार. या तिन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलताना कोणाची जीभ अडखळली नाही. पाराच्या कडेला मामाजी बसलेले. त्यांनीही मान हलवली.

तक्रार गेली. आठवड्याने नायब तहसीलदार जीपमधून आले आणि आमच्याच छपरीत खुर्ची टाकून बसले. तक्रारीत लिहिलं होतं की कोतवाल स्वतः बंदीचं पाणी पितो, वस्तीला पिऊ देतो, म्हणून साथ पसरली आणि त्याला कामावरून काढावं. कोतवाल अंगणात उभे होते, पिपा पायाशी.

"झिऱ्याचं पाणी पिता का?" साहेबांनी विचारलं.

"पितो साहेब. मोठ्या विहिरीवर आमाले चढू देत नाईत."

मामाजी लगेच म्हणाले, "कोनी अडवलं? आजवर एकदा तरी आला काय तू विचाराले?"

साहेबांनी कोतवालांचं 'पितो' एवढंच लिहून घेतलं. विहिरीवर चढू देत नाहीत हे लिहिलं नाही. तेव्हा कोतवालांनी अंगणातूनच आवाज चढवला.

"साहेब, हिंगनघाटहून पाव्हनी आली. ह्याच घरी. मी सोडली, तो माहा गुन्हा हाये, तो लिहा. पन हेही लिहा, का ते आली. सूनबाई दमनीत होत्या. त्याइले विचारा."

साहेबांनी दाराकडे मान वळवली. "बाई, हिंगणघाटहून तुमच्याकडे कोणी आलं होतं का?"

मी दाराआड उभी होते. मागच्या खोलीत नणंद बाजेवर झोपलेली, अजून उठून बसायची ताकद नव्हती. आत्याबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. पुढे जेव्हा जेव्हा मी ही गोष्ट मनातल्या मनात घोळवली, तेव्हा त्यांनी मनगट दाबलं असं मी स्वतःला सांगत आले. दाबलं नव्हतं. नुसता ठेवला होता.

"कोणी आलं नाही," मी म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. शाळेत शिकवलेल्या शुद्ध मराठीत. साहेबांशी असं नीट बोलता आलं याचा त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला, हे लिहिताना माझे कान तापतात.

कोतवालांची कोतवाली गेली. कामात कसूर, आणि वर पंचांच्या घराची खोटी बदनामी. नवा कोतवाल आमच्या आळीतला आला आणि त्याने कुठूनतरी डफडं आणलं. गावाला बरं वाटलं. साहेबांच्या माणसाने जाताना विहिरीत पुन्हा लाल दवा टाकली. ओट्याची भेग कोणी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी मीच चिकणमाती आणून ती लिंपून टाकली, तर आळीतल्या बाया म्हणाल्या, पंचांची सून मोठी कामाची. त्यानंतर आळीत कोणी आजारी पडलं नाही. दवेमुळे असेल, भेग बुजल्यामुळे असेल. गाव म्हणालं, कोतवाल बदलला म्हणून.

ज्येष्ठात नणंद सासरी निघाली. तीच दमणी, हाकायला मामाजी, सोबतीला मी. या वेळी पडदा सोडायची गरज नव्हती. नाल्याच्या उतारावर रेती वाहायची एक बैलबंडी उभी होती आणि कोतवाल फावड्याने तिच्यात रेती भरत होते. रोजाने लागले होते. उतार अरुंद, त्यामुळे बंडी बाजूला होईपर्यंत आम्हाला थांबावंच लागलं.

नणंदेला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या कानावर जाऊ नये याची आम्ही घरात नीट काळजी घेतली होती. ती गाडीतून वाकून म्हणाली, "काका, ओळखलं काय? मी बरी झाली. तुमी त्या दिवशी येऊ देलं म्हून वाचली मी, नाई तं तिथंच मेली असती."

कोतवालांनी फावडं रेतीत रोवलं. "कोनत्या दिवशी, बाई?"

"असं काय करता? अखजीच्या पहिले नाई काय, पहाटे? इथंच तं होते तुमी. मी, वहिनी, बाबा. हिंगनघाटहून आलो नाई काय आपन, वहिनी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कोतवालांनीही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते वाट पाहत होते. साहेब नव्हते, पंचायत नव्हती, कोतवाली काही परत मिळणार नव्हती. फक्त मी हो म्हणायचं होतं.

मामाजींनी बैलांच्या पाठीवर हाकायची काठी टेकवली. "चला, ऊन होऊन राह्यलं."

दमणी निघाली. पैलतीर येईपर्यंत नणंद विचारत होती, काकाले काय झालं, बोलले काऊन नाईत. मी म्हणाले, कामात असतील.

मामाजी गेले, आत्याबाई गेल्या, कोतवालही त्याच गावात म्हातारे होऊन गेले. मला हो म्हणायला कोणीही अडवत नव्हतं तेव्हाही मी कुठे म्हटलं नाही. म्हणून आता लिहिते. साहेब, हिंगणघाटहून पाहुणी आली होती. दमणीत माझ्या शेजारी बसून आली होती. कोतवाल खरं बोलत होते, आणि विहिरीवर धुणं मी धुतलं.