आयर्नची झोप आणि रत्नमालाताई

रत्नमालाताईंच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला तेव्हा दुपारचा चहा नुकताच संपला होता आणि मी लाइनवर परतले होते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. एवढंच. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, मग फोन बंद. माझ्यासमोर चाळीस बायका माना खाली घालून इन्व्हर्टरच्या बोर्डांवर सोल्डरिंग करत होत्या. त्यांतल्या दोघीतिघींनाच रत्नमालाताई आठवत असतील. शिफ्ट सुटेपर्यंत मी कुणालाच काही सांगितलं नाही... गप्प राहणं मला जमतं. माझ्या गप्प राहण्याचा ताईंइतका अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता. त्या फोनला आता महिना झाला.

शहराबाहेरच्या या कारखान्यात मी लागले तेव्हा ताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. मी सक्करदऱ्याहून एका बसने यायचे, तरी उशीर व्हायचा. त्या कामठीहून आधी ऑटो, मग बस बदलून यायच्या आणि माझ्या आधी हजर असायच्या. त्यांचे वडील पॉवरलूमवर होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. "बाबाचे कान गेले, आपली छाती जाऊ नये," असं त्या म्हणायच्या आणि तोंडाला ओढणी बांधून कामाला बसायच्या. सोल्डरिंगचं आयर्न, म्हणजे तापत्या टोकाची ती कांडी, कशी धरायची, कथील किती लावायचं, हे मला त्यांनी शिकवलं. आयर्न स्टँडमध्ये ठेवायच्या आधी टोकाला थोडं कथील चढवायचं, ही त्यांचीच शिकवण. "उघडं टोक तापत ठेवलं की काळं पडते वं. मग ते कथीलच धरत नाही."

आणि आमची टोकं काळी पडतच होती. चहाला, जेवायला आम्ही उठायचो आणि सगळी आयर्नं साडेतीनशे डिग्रीवर स्टँडमध्ये जळत राहायची. परत येऊन बघावं तर कथील टोकावर बसेना, गोळी होऊन घरंगळायचं. मग आम्ही उष्णता वाढवायचो, चारशेवीसपर्यंत. वाढवली की धूर दुप्पट. डोळे चुरचुरायचे, दुपारनंतर सगळी रांग खोकायची. धूर ओढणारा पंखा बिघडला होता, तो कधी दुरुस्त झाला नाही.

आयर्न तापवणाऱ्या नवीन मशीन आल्या तेव्हा खोक्यातली पुस्तिका सगळ्यांनी बाजूला टाकली, ताईंनी घरी नेली. दोन दिवसांनी म्हणाल्या, "वैशाली, याच्यात झोपेची सोय हाय." आयर्न स्टँडमध्ये पाच मिनिटं पडून राहिलं की मशीन आपोआप उष्णता दोनशेवर आणते. अर्धा तास कुणी हात लावला नाही तर बंदच होते. उचललं की पुन्हा तापते. ती सोय आमच्या मशीनवर कुणीतरी बंद करून ठेवली होती. ताई सुपरवायझरकडे गेल्या. तो म्हणाला, "तापायला वेळ लागतो ना बाई. माझ्या लाइनवर कोणी झोपत नसते." ताईंनी घड्याळ लावून मोजलं होतं. सतरा सेकंद. त्याने ऐकूनच घेतलं नाही.

मग ताईंनी आपल्या टेबलावर ती सेटिंग गुपचूप सुरू केली. मग माझ्या. मला दोन बटणं एकदम कशी दाबायची ते दाखवलं आणि आमच्या रांगेतली पुढची दोन टेबलं मी माझ्या हाताने केली, उरलेली दोन ताईंनी. "पुरतं तापून पी आवाज आल्याबिगर टोक लावाचं नाही," ताईंनी सगळ्यांना बजावलं. तीन आठवडे आमच्या सहा जणींची टोकं आरशासारखी राहिली. उष्णता वाढवावी लागली नाही. माझा खोकला थांबला.

चौथ्या आठवड्यात घाईची ऑर्डर आली. आमच्या रांगेतल्या एकीने आयर्न पुरतं तापायच्या आतच जोड मारले. ते कच्चे निघाले आणि माल परत आला. सुपरवायझरने आम्हाला एकेकीला केबिनमध्ये बोलावलं. "सेटिंगला कोणी हात लावला?" माझं तेव्हा लग्न ठरलेलं होतं, घरात कमावणारी मी एकटी होते... ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मला फक्त भीती वाटली. मी म्हणाले, "ताईंनी केलं साहेब. सगळ्या टेबलांवर त्यांनीच केलं." त्यातली दोन मी केली होती. दुसऱ्या दिवशी ताईंना फाटकातूनच परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मशीनची झोप पुन्हा बंद झाली.

ताईंना पुढे काम मिळालं ते एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे साधी आयर्नं होती, दिवसभर लाल. खिडकी एकच. तिथे त्यांनी नऊ वर्षं काढली. हुडकेश्वरला दोन खोल्या घेतल्या, प्रज्ञाला शिकवलं. मी सणावाराला जायचे. प्रत्येक वेळी त्यांचा दम थोडा अधिक लागलेला असायचा. आधी जिन्यावर, मग स्वयंपाकघरात, शेवटी बोलताना. धुरानेच झालं का, डॉक्टरांनी खात्रीने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आमच्या कारखान्यात गेल्या वर्षी एक इंजिनीयर आला. पडद्यावर काळी टोकं दाखवून त्याने झोपेची सोय समजावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आता लाइनची इनचार्ज. टाळ्या मीही वाजवल्या.

दोन महिन्यांपूर्वी ताईंना भेटायला गेले ती शेवटची भेट. नाकात ऑक्सिजनची नळी होती. मी म्हणाले, "ताई, आता सगळ्या टेबलांवर सुरू केलं." त्यांचे डोळे एकदम चमकले. "किती मिनिटावर?" "पाच." "जास्त होते. तीन ठेवा." मग मी एका दमात सांगून टाकलं. केबिन, नाव, ती दोन टेबलं. त्या छताकडे बघत म्हणाल्या,

"मले मालूम होतं. साहेबानंच सांगितलं होतं मले."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही ताई?"

"तुह्या तोंडातून आयकाचं होतं." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "...लय वर्सं लावले तू."

क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहिली. त्यांनी कूस भिंतीकडे वळवली, प्रज्ञाने पाठीमागची उशी सारखी केली आणि मला म्हणाली, "मावशी, आता आईला आराम करू द्या."

खिडकीजवळच्या टेबलावर, जिथे ताई बसायच्या, आता कविता बसते. दोन लेकरांची आई, नव्यानेच लागलेली. परवा तिला मशीन समजावून देत होते, स्टँड, सेटिंग, आवाजासाठी थांबणं. ती म्हणाली, "चांगली सोय हाय मॅडम. कोणं आणली?" मी रत्नमालाताईंचं नाव घेतलं. त्या कामठीहून यायच्या, हे सांगितलं. शेजारच्या तिघीचौघी हात थांबवून ऐकू लागल्या.

"मग त्याईले काहून काढलं?" कवितानं विचारलं.

मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांना केबिनमधलं सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. कवितानं मान खाली घातली, आयर्न उचललं आणि पी आवाज होईपर्यंत थांबून कामाला लागली.