वैशालीचा फॉर्म

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतेय.

मी शहरातल्या छावणी भागात शाळकरी मुलामुलींचं समुपदेशन करते. तोंडाला ओढणी बांधलेली पोरगी दारात आली की मी आधी तिला ओढणी सोडायला लावते. अहो, उन्हापायी इथं सगळ्याच बांधतात! तरी लावते. का, ते सांगते.

याच शहरात मानसशास्त्राच्या एम.ए.ला होते — तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. प्रबंधासाठी पिशोर गावातल्या एका शाळेत नववीच्या मुलींकडून फॉर्म भरून घ्यायचे होते. स्वतःच्या दिसण्याचा त्यांना किती त्रास होतो, ते मोजायचं. 'आरशात बघायची भीती वाटते' — कधीच नाही, कधी कधी, नेहमी. उत्तर बदलता यावं म्हणून पेन्सिली दिलेल्या. आणि एक नियम होता: कुणाचे गुण फार वर गेले, तर त्याच दिवशी आमच्या मार्गदर्शक मॅडमना आणि मुलीच्या आईबापाला कळवायचं.

वैशालीनं सगळीकडं 'नेहमी'वर खूण केली होती. खाली लिहिलं होतं, 'मला सगळे काळी म्हणतात. मला हे तोंड नको.'

मी घाबरले. तिच्यासाठी? छे! आईबाप शाळेत आले, बोभाटा झाला, तर हेडसर परवानगी काढून घेतील — अजून दोन वर्ग बाकी होते. माझं वर्ष गेलं असतं. म्हणून मी — कसं सांगू? — खोडरबर घेतला. 'नेहमी'च्या खुणा पुसून 'कधी कधी'वर केल्या. खालची ओळही पुसली.

पंधरा दिवसांनी परत गेले तर कळलं, वैशालीनं संडास धुवायचं अ‍ॅसिड गालांना चोळलं. जीव वाचला. गावानं मात्र तिच्या आईलाच धरलं — हिनंच पोरीला जाच केला असणार म्हणून. ती बाई शाळेत माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली. "ताई, पोरगी म्हणती, म्या समदं त्या ताईंच्या कागदावर लिवलंय. दाखवा की हो सरांना."

कागद माझ्या पिशवीतच होता. मी काढून दिला. हेडसरांनी वाचला, म्हणाले, "यात तसं काहीच नाही."

वैशालीच्या आईला वाचता येत नव्हतं. तरी तिनं तो घेतला, खालीवर पाहिला, आणि मलाच विचारलं, "मंग माझी पोरगी खोटं बोलती व्हय?"

मी हो म्हणाले.